शेवंतीच्या शेतात रात्री दिवे कशासाठी?

गेल्या आठवड्यात फोनवर एक व्हिडिओ फिरत आला. काळोखी रात्र, शेवंतीचे लांबच लांब वाफे आणि वाफ्यांवर तारांना लटकलेले शेकडो दिवे. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘फुलं लवकर उमलावीत म्हणून शेतकऱ्यानं पिकाला रात्रीची ऊब दिली आहे.’ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर भराभर जोडलेले हात उमटले. मला राहवलं नाही, कारण गोष्ट नेमकी उलटी आहे. ते दिवे फुलं येऊ नयेत म्हणून लावलेले असतात.

बेळगावात सगळे धरूनच चालतात की थंडी पडली की शेवंती फुलते. मीही तसंच समजत होतो. मग एका वर्षी एकाच झाडाच्या दोन काश्या, म्हणजे बुडाशी फुटणारे कोंब, दोन कुंड्यांत लावल्या. एक कुंडी परसात विहिरीजवळ ठेवली, दुसरी रस्त्याकडच्या गॅलरीत. माती तीच, शेणखत तेच, थंडीही तीच. दिवाळीला परसातली शेवंती पिवळीधमक झाली. गॅलरीतली गुडघ्याएवढी वाढली, पण नुसती पानंच. शेजारच्या काकूंनी नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधायला सांगितली. काकूंची माया खरी, पण झाडाला नजर लागत नाही. त्याला लागला होता गॅलरीसमोरच्या खांबावरचा नवा एलईडी दिवा. कुंडी उचलून परसात नेली आणि संक्रांतीच्या सुमारास तिलाही फुलं आली.

निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना तंबाखूचं पीक नवं नाही. तिथं फुलाचा शेंडा मुद्दाम खुडतात, म्हणजे सगळा जोर पानात जातो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांपुढे नेमकी उलटी अडचण होती. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा तंबाखूचा वाण शेतात उन्हाळाभर वाढतच राही, माणसापेक्षा कितीतरी उंच होई, पण फुलत नसे, त्यामुळे बी धरत नसे. तोच वाण हिवाळ्यात हरितगृहात लहान असतानाच फुले. त्यांनी तापमान बदलून पाहिलं, पाणी कमी-जास्त करून पाहिलं. शेवटी एक काळोखी खोली बांधली आणि उन्हाळ्यात रोज, दिवस मावळायच्या आधीच, कुंड्या आत सरकवायला सुरुवात केली. तंबाखू फुलला. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि झाडं दिवसाची लांबी ओळखतात हे जगाला कळलं. मराठीत या गुणाला दीप्तिकालिता म्हणतात.

पण दिवसाची लांबी हे शब्दही पुरते बरोबर नाहीत. आपल्या माळावर एक तण असतं, त्याची काटेरी फळं धोतराला चिकटून घरापर्यंत येतात. त्याला घागरा म्हणतात, शंकेश्वरही म्हणतात (हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरमुळे हे नाव आपल्याकडच्या माणसाच्या सहज लक्षात राहील). १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी या तणावर प्रयोग केले. दिवसा मध्येच काळोख केला तरी झाडाला फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मध्ये मात्र थोडा वेळ उजेड पाडला की फूल येईना. म्हणजे झाड मोजत होतं ती सलग काळोखाची लांबी, रात्र. शेवंतीही याच पंथातली. व्हिडिओतल्या शेतकऱ्याचं गणित आता कळेल. साधारण रात्री दहा ते दोन दिवे लावले की एका लांब रात्रीच्या दोन तोकड्या रात्री होतात आणि झाड फुलायचं थांबून उंची धरत राहतं. दिवे बंद केले की आठ-दहा आठवड्यांनी, म्हणजे सणाच्या भावाला, फुलं हजर. उलट, दिवस मोठे असताना फुलं हवी असतील तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळ्या कापडाखाली पीक झाकतात.

आता माझ्या सर्वात आवडीच्या भागाकडे येतो, जरा सावकाश वाचा. रात्र मोजतं कोण? फूल येतं शेंड्याला, पण मोजणी करतात पानं. हे शेवंतीवरच सिद्ध झालं. १९३०च्या दशकात सोव्हिएत संघातले मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीच्या वरच्या भागाची पानं काढली, खालच्या पानांना लांब रात्री दिल्या आणि शेंड्याला लांब दिवस. शेंड्यावर फुलं आली. उलट केलं तेव्हा आली नाहीत. म्हणजे पानातून शेंड्यापर्यंत काहीतरी निरोप जातो. त्या निरोप्याला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ नाव दिलं. तो निरोप्या म्हणजे ‘एफटी’ नावाचं एक छोटं प्रथिन, हे पक्कं व्हायला २००७ साल उजाडलं.

शेवंतीत त्याचा विरोधकही असतो. २०१३ मध्ये जपानी संशोधकांना रानटी शेवंतीत एक जनुक सापडलं. त्यापासून बनणारं प्रथिन पानातून निघून शेंड्याला पोचतं आणि फ्लोरिजेन ज्या प्रथिनाला धरून काम करतं त्यालाच जाऊन चिकटतं. जागा अडली, फूल अडलं. हे अडवणारं प्रथिन कधी बनतं ते पाहा. दिवेलागणीला पानातलं घड्याळ शून्यावरून सुरू होतं. ठरावीक तास गेले की एक खिडकी उघडते आणि काही वेळानं बंद होते. ही खिडकी उघडी असताना तांबडा प्रकाश पानावर पडला, तर विरोधी प्रथिन तयार होतं. तांबडा प्रकाश ओळखायला पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या तांबड्या प्रकाशानं ते एका रूपातून दुसऱ्या रूपात जातं, तर ७३० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्रकाशानं परत पहिल्या रूपात येतं. रात्र तोकडी असेल तर पहाटेचा उजेडच खिडकीत शिरतो. रात्र पुरेशी लांब असेल तर खिडकी काळोखातच उघडते आणि मिटते, अडवणारं कुणी उरत नाही आणि शेंड्यात कळी धरते. माझ्या गॅलरीत त्या खिडकीतून रोज आत येत होता खांबावरचा दिवा.

थंडीचंही काम असतं, ती रंग गडद करते, फूल टिकवते. मुख्य इशारा मात्र रात्रीचा. आणि तो किती बारीक आहे पाहा. बेळगाव विषुववृत्तापासून सोळा अंशांच्या आत आहे. आपला सर्वात मोठा दिवस तेरा तासांच्या जरासा वर, सर्वात लहान सव्वाअकराच्या थोडा आत. वर्षभरात दोन तासांचाही फरक नाही आणि एवढ्यावर हे झाड आपलं पंचांग चालवतं.

शेवंतीला जगभर जे अर्थ चिकटले, ते मला या रात्रमोजणीतूनच आलेले दिसतात. चीनमध्ये नवव्या चांद्रमासाच्या नवव्या दिवशी शेवंती पाहतात, तिचं पेय घेतात. तिथं ती दीर्घायुष्याची खूण. तो दिवस बहुतेक वर्षी आपल्या खंडेनवमीच्या आसपास येतो. २०२३ मध्ये दोन्ही २३ ऑक्टोबरलाच होते. त्या दिवसांत बेळगावच्या गणपत गल्लीत शेवंतीच्या राशी लागतात, फूलवाली गिऱ्हाईक बघून कानडीत ‘सेवंतिगे’ किंवा मराठीत ‘शेवंती’ म्हणते. जपानच्या राजघराण्याचं चिन्हही सोळा पाकळ्यांची शेवंती. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास लोक शेवंतीच्या कुंड्या थडग्यांवर ठेवतात, कारण त्या वेळी बहरात असलेलं हे हाताशी येणारं फूल. आपण तेच फूल देवाला वाहतो, वेणीत माळतो. काळोख वाढू लागला की फुलणारं फूल कुणी उत्सवाला घेतलं, कुणी स्मरणाला.

म्हणून भेट देताना माणूस पाहावा. बेळगावची कितीतरी मुलं आज परदेशी आहेत. फ्रान्स, इटलीत कुणाच्या घरी जेवायला जाताना शेवंती नेऊ नये. जपान-कोरियात पांढरी शेवंती अंत्यविधीची. इथं हळदीकुंकवाला, बारशाला, वास्तुशांतीला पिवळी शेवंती खुशाल द्यावी. ‘पिवळी म्हणजे तुटलेलं प्रेम’ असल्या याद्या एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी फॅशनमधून आल्या आहेत, त्यांचं आपल्याला ओझं नको. एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. गाजर गवतानं, म्हणजे काँग्रेस गवतानं, ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांना शेवंतीनंही होऊ शकते. दोन्ही एकाच कुळातली आणि त्रास देणारी रसायनंही सारखीच.

‘नासाने सांगितलेली हवा शुद्ध करणारी शेवंती’ म्हणून कुंड्या विकतात, त्याला भुलू नका. १९८९चा तो अभ्यास बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की उघड्या खिडकीचं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडं लागतील. शेवंती सुंदर आहे, तेवढं पुरेसं आहे.

निगेत फार काही नाही. निचऱ्याची माती, सकाळचं ऊन, मुळाशी पाणी. पानं ओली राहिली की डाग पडतात. पावसाळ्यात शेंडे दोन-तीनदा खुडावेत, म्हणजे फांद्या फुटतात. ऑगस्टनंतर हात लावू नये, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा बहुतेक वेळा पुरतो. फुलदाणीत ठेवायची असेल तर पाण्यात बुडणारी पानं काढावीत आणि पाणी बदलत राहावं. शेवंतीची पानं आधी सुकतात, फुलं त्यानंतरही तजेलदार राहतात. बहर ओसरला की झाड चार बोटांवर छाटावं. महिन्या-दोन महिन्यांत बुडाशी नव्या काश्या फुटतात. मुळासकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काशी, एवढी चांगली शेवंतीची भेट दुसरी नाही. देताना फक्त विचारावं, तुमच्या गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा तर नाही ना?