स्वतंत्र पक्ष

भारतातील एक उजवा राजकीय पक्ष (१९५९–७४). चक्रवर्ती राजगोपालाचारी (राजाजी) त्याचे प्रणेते, एन. जी. रंगा पहिले अध्यक्ष आणि मिनू मसानी सरचिटणीस होते. पक्षाची घोषणा ४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये झाली व पूर्वतयारीचे अधिवेशन ऑगस्टच्या आरंभी मुंबईत भरले. स्थापनेची म्हणून यांपैकी पहिलीच तारीख धरणे अधिक सयुक्तिक होय.

पक्षाच्या उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मुंबईतील उद्योगपतींनी १९५६ मध्ये स्थापलेल्या ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ या व्यासपीठाचे हे राजकीय रूप, असे काहींचे मत आहे. तथापि हे व्यासपीठ तीन वर्षे चालूनही त्यातून पक्ष निघाला नाही. तो निघाला जानेवारी १९५९ च्या काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनानंतर. शेतकऱ्याची मालकी कायम ठेवून जमिनी एकत्र कसाव्यात आणि निव्वळ उत्पन्नात जमिनीच्या प्रमाणात वाटा द्यावा, असा सहकारी संयुक्त शेतीचा ठराव तेथे संमत झाला होता. बांध मोडल्यावर मालकी सात-बाऱ्यापुरतीच उरेल, ही जमीनधारकांची भीती निराधार म्हणता येत नाही. त्यामुळे पक्षाचे मूळ शेतीच्या प्रश्नात शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

पक्षाला सरसकट ‘पुराणमतवादी’ म्हणणेही अपुरे ठरते. राजाजींची धर्मनिष्ठा, मसानींचा उदारमतवाद आणि संस्थानिकांचे हितसंबंध ‘परमिट-लायसन्स राज’च्या, म्हणजे उद्योग-व्यापारावरील सरकारी परवान्यांच्या नियंत्रणाच्या, विरोधापुरते एकत्र आले होते; मूलभूत तत्त्वांबाहेरील प्रश्नांवर सदस्यांना मतस्वातंत्र्य होते, ही त्या काळी दुर्मिळ व मोलाची तरतूद होय.

१९६२ मध्ये लोकसभेत १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा मिळून पक्ष प्रमुख विरोधी पक्ष बनला. गुजरातेत भाईकाका पटेलांमुळे त्याला पाटीदार शेतकऱ्यांत पाय रोवता आले, तर ओरिसात आर. एन. सिंहदेव १९६७ ते १९७१ या काळात मुख्यमंत्री होते. मात्र अन्यत्र बळ उसने होते. बिहारमध्ये रामगढच्या राजांच्या अनुयायांसह १९६२ मध्ये विधानसभेच्या ५० जागा मिळाल्या. राजे पक्षाबाहेर पडल्यावर १९६७ मध्ये जेमतेम तीन उरल्या. महाराष्ट्रात मुंबईतील वर्तुळापलीकडे पक्ष फारसा रुजला नाही.

१९७१ मध्ये इंदिरा गांधींविरोधी पक्षांच्या ‘बड्या आघाडी’तून लढूनही लोकसभेत आठच जागा मिळाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजींचे निधन झाले आणि १९७४ मध्ये पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. महाराष्ट्र शाखेने मात्र हे विलीनीकरण मानले नाही. १९८९ पासून पक्षनोंदणीसाठी समाजवादावरील निष्ठा लेखी मान्य करणे कायद्याने बंधनकारक झाले, तेव्हा तेथील जुन्या कार्यकर्त्यांनी या अटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. शरद जोशी यांनी १९९४ मध्ये स्थापलेल्या स्वतंत्र भारत पक्षाच्या नावात व अर्थविचारात या परंपरेचा ठसा दिसतो.