लोकल लागत नाही, मग बोट का लागते?

मालवणहून मुंबईला येताना माझ्या आजीला दर खेपेस बोट लागायची. हातात लिंबू, कनवटीला आवळासुपारी आणि घोंगडीत तोंड खुपसून डेकवर आडवी. तीच आजी पुढे गिरगावात राहायला आल्यावर चर्नी रोड ते विरार लोकलमध्ये उभ्याने जायची आणि तिला काही व्हायचं नाही. लोकल काय कमी हलते? पण ‘मला लोकल लागली’ म्हणणारा मुंबईकर मला अजून भेटलेला नाही. कशेडी घाटात एसटी लागते, मांडव्याच्या लाँचमध्ये बोट लागते. लोकल मात्र लागत नाही.

यंदा आमची ९ माणसं क्रूझने गोव्याला जायची ठरली. सर्वांत लहान भाची पावणेदोन वर्षांची, सर्वांत मोठे मामा ७८ वर्षांचे. तेव्हा हा प्रश्न पुन्हा डोक्यात आला.

फरक हलण्याच्या वेगात आहे. लोकलचे हिसके भरभर येतात, सेकंदाला एक किंवा त्याहून जास्त. १९७४ साली अमेरिकेत स्वयंसेवकांना वरखाली हलणाऱ्या खोलीत बसवून प्रयोग झाले. त्यांत सर्वांत जास्त मळमळ झाली ती साधारण ५ सेकंदांत एकदा वर-खाली होणाऱ्या संथ हालचालीने. इतका संथ झोका घ्यायचा तर नागपंचमीच्या झोक्याची दोरी ६ मीटरहून लांब हवी! समुद्राच्या लाटा मात्र बोटीला नेमक्या असल्या तालात सहज हलवतात.

आपल्या आतल्या कानात, प्रत्येक बाजूला, द्रवाने भरलेल्या ३ अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्या कळवतात. शेजारच्या दोन पिशव्यांत चुनखडीचे सूक्ष्म कण असतात. आपण वर जातोय की खाली, सरळ आहोत की कललेले, हे त्यांच्यावरून समजतं. केबिनमध्ये बसल्यावर कान म्हणतो, ‘हलतंय’. डोळ्यांसमोरची भिंत म्हणते, ‘काही हलत नाही’. मेंदूने बांधलेला अंदाज आणि आलेल्या बातम्या यांचा मेळ बसत नाही, आणि त्याची शिक्षा बिचाऱ्या पोटाला. घाटात गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं.

दोष पोटाचा नाही याचा पुरावा भक्कम आहे. ज्यांच्या दोन्ही बाजूंचा आतला कान निकामी आहे, त्यांना बोट लागत नाही. उत्तर अटलांटिकच्या वादळात अशा माणसांना नेऊन केलेली पाहणी १९६८ साली प्रसिद्ध झाली. सोबतचे धडधाकट लोक ओकून बेजार झाले, हे मात्र ठणठणीत राहिले.

आता केबिन. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची बाल्कनी हवी होती. मी कागदावर हिशेब मांडला. २०० मीटर लांबीचं जहाज पुढे-मागे फक्त १ अंश झुललं, तरी दोन्ही टोकं मधल्या स्थितीपासून पावणेदोन मीटर वर आणि तितकीच खाली जातात. म्हणजे एकूण साडेतीन मीटर, अख्खा एक मजला! सीसॉच्या मध्यावर बसलेलं पोर मात्र जागचं हलत नाही. म्हणून केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते. मोठ्या जहाजांच्या पोटाशी माशाच्या परांसारखे स्थिरक असतात, पण ते आडवं कलंडणं कमी करतात. पुढचं-मागचं झुलणं फारसं रोखत नाहीत.

मळमळ सुरू झालीच तर मोबाईल आधी खाली ठेवा. डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. ते जमत नसेल तर डोळे मिटून, डोकं स्थिर ठेवून उताणं पडा आणि सावकाश श्वास घ्या. म्हणजे आजीचं आडवं होणं बरोबरच होतं. ‘उपाशी राहा, म्हणजे उलटीच होणार नाही’ हा सल्ला मात्र चुकीचा. थोडं कोरडं, बिनतेलाचं खावं. आल्याबद्दलचे पुरावे उलटसुलट आहेत, तरी आलेपाकाने नुकसान नाही. लिंबाबद्दल मी आजीशी वाद घालणार नाही.

गोळ्यांचा इतिहास गमतीदार आहे. १९४७च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका बाईला अंगावर पित्त उठतं म्हणून ॲलर्जीवरचं नवं औषध दिलं. तिला आयुष्यभर ट्राम लागायची, ती लागेनाशी झाली! डॉक्टरांनी ते औषध मग अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकांवर तपासलं. आपल्याकडे मिळणारी प्रोमेथाझिन, मेक्लिझिन ही औषधंही त्याच ॲलर्जीविरोधी गोतावळ्यातली. ती निघण्याआधी घ्यायची असतात, कारण मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. एरवीच्या उलटीवर सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉन बोट लागण्यावर फारशी चालत नाही. आमच्या घरात मात्र सगळे तीच बॅगेत भरत होते.

या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे सोबत मद्य नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. मामांना मी स्वतः घेऊन गेले. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. सुदैवाने या वयात बोट सहसा लागतही नाही. सर्वांत जास्त त्रास शाळकरी मुलांना, साधारण ९-१० वर्षांच्या आसपास. अर्धशिशी असणाऱ्यांनाही जास्त.

मोसम पाहून जाणं हा बिनखर्चाचा उपाय. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत व्हायला लागतो आणि थंडीत तर बऱ्यापैकी निवळलेला असतो. मे सरत आला की तो पुन्हा खवळतो. मुलांना एकदा गेटवेहून मांडव्याला नेऊन आणावं. कोणाला लागतं आणि कोणाला नाही, ते तासाभरात कळतं.

मेंदू दोन-तीन दिवसांत बोटीला सरावतो. पंचाईत अशी की गोव्याची सहल तेवढ्यात संपते! मग उलटंच होतं. बॅलार्ड पिअरला टॅक्सीच्या रांगेत उभं असताना जमीन डोलायला लागते. हे बहुधा दिवसा-दोन दिवसांत ओसरतं. महिनाभर राहिलं तर डॉक्टर गाठावा. भाऊच्या धक्क्यावरून घरी आल्यावर आजी पहिल्या रात्री खाटेवर झोपायची नाही. जमिनीवर चटई टाकायची आणि म्हणायची, “खोली अजून मालवणातच आहे गो.”