अल्गॉन्क्विनचा वसंत: बर्फ, रस आणि पालवी

महाराष्ट्रात पक्षीनिरीक्षणाचा भरगच्च हंगाम म्हणजे हिवाळा, कारण उत्तरेतून आलेले पाहुणे पक्षी त्या काळात आपल्या तलावांवर मुक्कामाला असतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यानात मात्र हे चक्र नेमके उलटे फिरते. १८९३ मध्ये राखीव झालेल्या या सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरच्या जंगलात २,४००हून अधिक तळी आहेत, आणि टोरंटोहून मोटारीने तीनएक तासांत तिथे पोहोचता येते. हिवाळ्यात जवळजवळ निःशब्द असलेले हे जंगल मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंत पक्ष्यांनी भरत जाते. या भरण्याला एक क्रम असतो, आणि ज्याचे अन्न आधी मोकळे होते तो पक्षी आधी दिसतो. म्हणून तिथे जाणाऱ्याने तारखांपेक्षा बर्फ, झाडांतला रस आणि पालवी यांच्यावर नजर ठेवावी, असे मला वाटते.

या क्रमाला पहिला अपवाद म्हणजे कॅनडा जे हा करड्या रंगाचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी. तो स्थलांतर करतच नाही. मार्चमध्ये जमिनीवर गुडघाभर बर्फ असताना त्याची मादी अंडी उबवीत बसलेली असते. हे शक्य होते ते शरद ऋतूत केलेल्या साठ्यामुळे. कीटक, फळे, अळंबी, मांसाचे तुकडे असे मिळेल ते अन्न चिकट लाळेत घोळवून हा पक्षी सालीच्या फटींत आणि दगडफुलाखाली हजारो ठिकाणी दडवतो आणि त्यावरच पिल्लांना वाढवू लागतो. अल्गॉन्क्विनमध्ये या पक्ष्याचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. उद्यान त्याच्या प्रदेशाच्या दक्षिण काठावर येते, आणि तिथली त्याची संख्या निम्म्याहून अधिक घटली आहे. शरद ऋतू उबदार झाल्याने साठवलेले अन्न नासते, हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते.

एप्रिलमध्ये मेपल आणि बर्च झाडांत रस चढू लागतो, आणि सॅपसकर हा सुतार पक्षी दक्षिणेतून येतो. तो खोडावर ओळीने लहान छिद्रे पाडून त्यांतून पाझरणारा रस कुंचल्यासारख्या टोकाच्या जिभेने टिपतो. त्याचे लाकडावरचे ठोके एकदा ऐकले की विसरत नाहीत: सुरुवात जलद, मग अडखळत, लांबत जाणारे अंतर. पुढे मे महिन्यात, फुले पुरेशी उमलण्याआधीच येणारे हमिंगबर्ड याच छिद्रांतला रस आणि त्यावर जमलेले किडे खाऊन दिवस काढतात.

एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी तळ्यांवरचे बर्फ फुटते, आणि मग एक-दोन दिवसांतच लून हा बुडी मारणारा मोठा पाणपक्षी हजर होतो. हिवाळा समुद्रकिनारी काढलेला हा पक्षी दक्षिणेकडच्या आधी मोकळ्या झालेल्या पाण्यावर थांबत थांबत वर सरकतो. त्याच्या थांबण्याला शरीररचनेचे कारण आहे. बहुतेक पक्ष्यांची हाडे पोकळ असतात, लूनची बरीचशी भरीव. पाय अगदी मागे असल्याने तो पाण्याखाली उत्तम पोहतो, पण जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. तीन ते पाच किलोंचे हे धूड हवेत उचलायला त्याला पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख फडफडवत लांबवर धावावे लागते. म्हणून बर्फातल्या लहानशा मोकळ्या डबक्यात उतरलेला लून तिथेच अडकू शकतो.

दुर्बिणीतून पाहिले तर काळ्या पाठीवरचे चौकोनी पांढरे ठिपके आणि गडद लाल डोळा स्पष्ट दिसतो. पण लून ऐकण्यासाठी पहाटे किंवा रात्री तळ्याकाठी बसावे. जोडीदाराला शोधणारी लांब आर्त साद, धोक्याच्या वेळी थरथरत निघणारा आवाज, जवळच्यासाठी हलकी हुंकारी आणि केवळ नराचीच असलेली हद्दीची आरोळी, असे चार प्रकार त्यात ओळखता येतात. नराने तळे बदलले तर तो या आरोळीची घडणही बदलतो, असे पायांत रंगीत कड्या घातलेल्या लूनच्या निरीक्षणांतून दिसून आले आहे. हे मला या पक्ष्याबद्दलचे सर्वांत विलक्षण ज्ञान वाटते.

मेच्या मध्यावर पालवीवर अळ्या येतात आणि वॉर्बलर या चिमुकल्या कीटकभक्षी पक्ष्यांचे थवे उतरतात. परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या एकाच जंगलात राहणाऱ्या पाच जातींचे वॉर्बलर झाडाचे वेगवेगळे भाग वापरतात. नारिंगी गळ्याचा ब्लॅकबर्नियन वॉर्बलर बहुधा शेंड्याकडे, तर पिवळ्या पुठ्ठ्याचा, म्हणजे शेपटीच्या वरचा भाग पिवळा असलेला, वॉर्बलर खालच्या फांद्यांत आणि जमिनीलगत दिसतो. नवख्या निरीक्षकाने आधी पक्षी झाडाच्या कोणत्या भागात आहे ते टिपून घ्यावे. ओळख निम्मी सोपी होते. पिवळ्या पुठ्ठ्याचा वॉर्बलर इतरांआधी पोहोचतो, कारण मेणाचा थर असलेली फळे पचवता येत असल्याने तो हिवाळाही बराच उत्तरेकडे काढू शकतो.

आता वसंत लवकर येऊ लागला आहे, आणि इथे या पक्ष्यांमधला फरक महत्त्वाचा ठरतो. लून जवळच्या पाण्यावर थांबलेला असतो, त्यामुळे बर्फ आधी फुटले तर तोही आधी येऊ शकतो. ब्लॅकबर्नियन वॉर्बलर मात्र हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतरांगांत असतो. त्याचे निघणे मुख्यतः दिवसाची लांबी आणि शरीरातले वार्षिक घड्याळ यांवर ठरते, आणि ओंटारिओतली पालवी यंदा कधी फुटली हे त्याला तिथून कळायला मार्ग नसतो.