ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन : साखर सारखीच उतरते, हृदयाला मात्र फरक कळतो

मधुमेहाच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव छापलेले असते. तेथे आजकाल दोन घराणी वारंवार दिसतात. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन हे एक घराणे आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन हे दुसरे. दोन्ही गोळ्या बहुधा मेटफॉर्मिनच्या जोडीला दिल्या जातात, दोन्हींनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) साधारण अर्ध्या ते पाऊण टक्क्याने खाली येते आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे सोबत नसतील, तर साखर एकदम उतरून घाम फुटण्याचा, गरगरण्याचा धोका दोन्हींत कमीच असतो. त्यामुळे ‘ही नाही तर ती’ असे रुग्णांना वाटणे स्वाभाविक आहे, आणि केवळ साखरेपुरते पाहिले तर त्यात फारशी चूकही नाही. ज्या रुग्णाला हार्ट फेल्युअर आहे किंवा होण्याची शक्यता आहे, त्याच्या बाबतीत मात्र ही दोन औषधे एकमेकांच्या जागी चालणारी नाहीत.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे आणि हार्ट अटॅकही नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त हृदयाला पुढे ढकलता येत नाही, किंवा ते ढकलण्यासाठी हृदयातील दाब अवाजवी वाढवावा लागतो, अशी ती दीर्घकाळ चालणारी अवस्था आहे. पायांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो, रात्री सपाट झोपवत नाही. मधुमेहाशी तिचे नाते जुने आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील दीर्घकालीन पाहणीतून १९७४ साली असे पुढे आले, की मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचा धोका दुपटीहून अधिक आणि मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट असतो. तरीही नंतरची अनेक दशके मधुमेहाच्या औषधांची परीक्षा घेताना हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू एवढ्याच घटना प्रामुख्याने मोजल्या गेल्या.

या दोन गोळ्यांचा शरीरातील मार्गच निराळा आहे. जेवण झाल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा इशारा देते, परंतु डीपीपी-४ हे विकर त्याला अवघ्या काही मिनिटांत निष्प्रभ करते. ग्लिप्टिन या विकराला अडवते, त्यामुळे शरीराचे स्वतःचे संप्रेरक अधिक वेळ काम करते. ग्लिफ्लोझिन स्वादुपिंडाच्या वाटेला जात नाही. त्याचे काम मूत्रपिंडात चालते. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडातून दररोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि जवळजवळ सगळे पुन्हा रक्तात शोषले जाते. या शोषणाचा मोठा वाटा एसजीएलटी-२ हे वाहक प्रथिन उचलते. ग्लिफ्लोझिन त्याला रोखते, म्हणून साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि तिच्याबरोबर काही प्रमाणात सोडियम आणि पाणीही जाते. या कुळाचा मूळपुरुष फ्लोरिझिन हा पदार्थ १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा करण्यात आला होता.

दोघांतील खरा फरक उघड झाला तो एका नियमामुळे. रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने हार्ट अटॅकचा धोका वाढत असावा, असा संशय २००७ साली निर्माण झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाची हृदयाच्या दृष्टीने सुरक्षितता सिद्ध करण्याची अट घातली. औषध घातक नाही एवढेच दाखवण्यासाठी हजारो रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. त्यांपैकी सॅक्साग्लिप्टिनची १६,४९२ रुग्णांवरील चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत औषधाने फरक पडला नव्हता. पण हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ३.५ टक्के आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नकली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांत २.८ टक्के निघाले. साखर सुधारली होती आणि तरीही हे घडले होते. २०१६ साली अमेरिकेत सॅक्साग्लिप्टिन आणि अलोग्लिप्टिन या दोघांच्या माहितीपत्रकात हार्ट फेल्युअरचा इशारा समाविष्ट करण्यात आला.

ग्लासगो विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ जॉन मॅकमरी यांचे काम येथे फार मोलाचे आहे, कारण त्यांनी ही दोन्ही घराणी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतच तपासली. हार्ट फेल्युअर हा मधुमेहाचा एक प्रमुख दुष्परिणाम आहे आणि चाचण्यांत त्याकडे दुर्लक्ष करणे यापुढे परवडणारे नाही, ही भूमिका त्यांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली स्पष्टपणे मांडली. विल्डाग्लिप्टिनची चाचणी त्यांनी मधुमेह आणि हार्ट फेल्युअर दोन्ही असलेल्या २५४ रुग्णांवर केली. हृदयाच्या आकुंचनाची ताकद त्या औषधाने घटली नाही, पण डावा कप्पा नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत अधिक फुगल्याचे आढळले. चाचणी लहान होती, तेव्हा तिच्यावरून विल्डाग्लिप्टिनला दोषी ठरवणे योग्य होणार नाही. मात्र अशक्त हृदयाला या गोळीने बळ मिळते असे म्हणायलाही तिने जागा ठेवली नाही.

दरम्यान २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनचे निष्कर्ष आले. मधुमेहाबरोबर हृदयविकारही असलेल्या ७,०२० रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले होते. साखरेतील किरकोळ फरकाने एवढा लाभ होणे शक्य नव्हते, शिवाय तो काही महिन्यांतच दिसू लागला होता. तेव्हा मॅकमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : हे औषध साखरेमुळे काम करत नसेल, तर मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णालाही ते का देऊ नये? मधुमेहाची गोळी मधुमेह नसलेल्याला द्यायची, ही कल्पना त्या वेळी धाडसाचीच होती.

त्यासाठी झालेली डापाग्लिफ्लोझिनची चाचणी, डापा-एचएफ, २०१९ साली पॅरिसमधील युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडली गेली. हृदयाची आकुंचनक्षमता ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेले ४,७४४ रुग्ण तिच्यात होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता. नेहमीचे सर्व उपचार चालू ठेवून ही गोळी वाढवली, तेव्हा हार्ट फेल्युअर बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काही घडलेल्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात २१.२ टक्क्यांऐवजी १६.३ टक्के राहिले. मधुमेह असलेल्यांना आणि नसलेल्यांना लाभ जवळजवळ सारखाच झाला. माझ्या मते या दोन घराण्यांची तुलना येथेच संपायला हवी होती, कारण यानंतर ग्लिफ्लोझिनला फक्त ‘शुगरची गोळी’ म्हणणे अपुरे ठरते.

हृदय आकुंचन पावते पण नीट सैलावत नाही, असाही हार्ट फेल्युअरचा एक प्रकार आहे आणि तो वयस्कर, स्थूल, रक्तदाब असलेल्या माणसांत विशेष दिसतो. त्यावर बरीच वर्षे ठोस उपाय नव्हता. २०२१ साली एम्पाग्लिफ्लोझिनने आणि २०२२ साली डापाग्लिफ्लोझिनने तेथेही उपयोग दाखवला. मुख्यतः रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या. हा लाभ नेमका कशाने होतो याबद्दल संशोधकांत एकमत नाही. शरीरातले जादा मीठपाणी बाहेर पडणे, मूत्रपिंडाचे रक्षण, हृदयाच्या स्नायूच्या ऊर्जावापरात होणारा बदल, अशी अनेक कारणे पुढे केली जातात.

याचा अर्थ ग्लिप्टिन टाकाऊ आहे असा नव्हे. सिटाग्लिप्टिनच्या १४,६७१ रुग्णांवरील चाचणीत हार्ट फेल्युअरचा धोका वाढला नाही आणि लिनाग्लिप्टिनच्या चाचणीतही वाढला नाही, म्हणजे सॅक्साग्लिप्टिनचा दोष सगळ्या घराण्यावर लादता येत नाही. वजन आधीच कमी असलेल्या वृद्धांना किंवा मूत्रमार्गाच्या तक्रारी असलेल्यांना ग्लिप्टिन सोसते. मूत्रपिंड अशक्त असले तरी लिनाग्लिप्टिनची मात्रा बदलावी लागत नाही, तर अशा रुग्णांत ग्लिफ्लोझिनची साखर उतरवण्याची शक्ती मंदावते. हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रक्षण मात्र त्यानंतरही बऱ्याच अंशी टिकते.

ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळायच्या असतात. लघवीत साखर उतरत असल्याने गुप्तांगाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस ही रक्तातील आम्ल वाढण्याची गंभीर अवस्था क्वचित उद्भवते आणि मळमळ, पोटदुखी, धाप लागणे या तिच्या खुणा असतात. त्यामुळे नवरात्राचे कडक उपवास, जुलाब-उलट्यांचा आजार किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर ही गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण तीन दिवस ती बंद ठेवतात. ग्लिप्टिनच्या बाबतीत असा नियम नाही.

भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० साली, सिटाग्लिप्टिनचे २०२२ साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ साली संपले. किमती उतरल्या आणि दोन्ही घराण्यांची औषधे एकाच गोळीत घातलेली मिश्रणेही बाजारात आली. म्हणून स्ट्रिपवरची नावे शेवटपर्यंत वाचावीत : गोळीत दोन्ही असतील, तर उपवासाची आणि शस्त्रक्रियेची पथ्ये तिलाही लागू होतात; आणि हार्ट फेल्युअरसाठी दिलेल्या ग्लिफ्लोझिनच्या जागी दुकानातून ग्लिप्टिन मिळाले, तर ग्लुकोमीटरवरचा आकडा जैसे थे राहील, पण ज्या कारणासाठी डॉक्टरांनी गोळी लिहिली होती तो उपचार त्या दिवसापासून बंद झालेला असेल.