कमी खाणं आणि खाण्याला घाबरणं

एक फुलका, वाटीभर वरण, ढीगभर कोशिंबीर, भाताला सुट्टी. हे ताट तब्येतीसाठी विचारपूर्वक कमी जेवणाऱ्याचं असू शकतं, तसंच अॅनोरेक्सियाच्या, म्हणजे खाणं धोक्याच्या पातळीपर्यंत तोडायला लावणाऱ्या मानसिक विकाराच्या, विळख्यात सापडलेल्या मुलीचंही असू शकतं. विचारलं तर दोघंही एकच उत्तर देतील, ‘हेल्थसाठी करतेय.’ मग घरच्यांनी कौतुक करायचं की काळजी, हे नुसतं ताट बघून कसं कळणार?

आधी पहिली गोष्ट. सगळी पोषणद्रव्यं मिळतील याची काळजी घेऊन कॅलरी तेवढ्या कमी करायच्या, ही कल्पना चांगली जुनी आहे. 1935 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना असं वाढवलं आणि ते जास्त जगले. पुढे माकडांवर दोन मोठे प्रयोग झाले, त्यात आयुष्य वाढण्याबाबत सुरुवातीला एकमत झालं नाही. (आपल्याकडचे दीक्षितवाले यात बसत नाहीत. ते कॅलरी मोजत नाहीत, जेवणाच्या वेळा आणि मिनिटं मोजतात.)

माणसांवरचा सगळ्यात नीट झालेला प्रयोग ‘कॅलरी’ याच नावाचा, अमेरिकेतलाच. त्याचे मुख्य निकाल 2015 मध्ये आले. दोनशेहून थोडी जास्त निरोगी, लठ्ठ नसलेली माणसं, दोन वर्षं, आणि लक्ष्य होतं रोजच्या कॅलरी 25 टक्क्यांनी कमी करण्याचं. प्रत्यक्षात जमलं सरासरी 12 टक्के. तेवढ्यावरही वजन दहाएक टक्के उतरलं, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलं, मनःस्थिती बिघडली नाही, खाण्याचे विकार वाढल्याचं दिसलं नाही. हाडांची घनता मात्र थोडी घटली.

मला यातला 12चा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. पंचवीस ठरवले, बारा झाले, आणि माणसं तेवढ्यावर दोन वर्षं नांदली. अॅनोरेक्सियात नेमकं उलटं होतं. पंचवीस जमले की तीस हवेत, पन्नास किलो झालं की अठ्ठेचाळीस. ठरवलेला आकडा गाठला तरी समाधान होत नाही, लगेच पुढचा दिसू लागतो.

अॅनोरेक्सियाचं वर्णन वैद्यकात 1873 पासून आहे, लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग यांनी केलेलं. आजच्या निदानाच्या निकषांत तीन गोष्टी येतात: खाणं इतकं कमी की वजन फारच घसरतं, वजन वाढण्याची तीव्र भीती किंवा वाढू नये म्हणून सततची धडपड, आणि स्वतःचं शरीर आहे तसं न दिसणं किंवा घसरलेल्या वजनाचं गांभीर्यच न पटणं. वजन ‘नॉर्मल’ असूनही बाकी सगळं तसंच असणारे रुग्ण असतात, आणि तेच जास्त नजरेतून सुटतात. शिवाय ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असं प्रत्येक जण म्हणत नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी 1990च्या दशकात असे रुग्ण नोंदवले, जे पोट फुगतं, भूकच नाही, एवढंच सांगत. आपल्या घरांत तर पित्त आणि अपचन यांवर कोणी शंकाच घेत नाही. उपासावरही नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी चापणाऱ्याची काळजी नको, दुसऱ्या दिवशी उपास सुटतोच. पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी, शनिवार अशी यादी अचानक लांबत चालली असेल तर भक्तीपलीकडे काही आहे का, हे विचारायला हरकत नाही.

हेतू चांगला असला की धोका नाही, असंही मानू नये. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज यांनी 36 तरुणांचं जेवण 24 आठवडे जवळपास निम्म्यावर आणलं. युद्धातल्या उपासमारीनंतर माणसांना पुन्हा कसं जेवू घालावं, हे शोधायचं होतं. मुलं मनाने धडधाकट म्हणून निवडलेली, बारीक व्हायची हौस एकालाही नव्हती. वजन चतुर्थांश उतरलं तशी ती ताटापुढे तासन्‌तास रेंगाळू लागली, अन्नात पाणी घालून ते वाढवू लागली, ताटं चाटू लागली. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. चिडचिड, उदासी, सतत थंडी. आपण ज्याला विकाराची लक्षणं म्हणतो त्यातली कितीतरी नुसत्या भुकेने उगवली. म्हणजे तब्येतीसाठी सुरू केलेलं कमी खाणं फार ताणलं, तर भूकच माणसाचं डोकं ताब्यात घेऊ शकते. ‘कॅलरी’ प्रयोगात खाण्याच्या विकाराची चिन्हं असलेल्यांना आधीच वगळलं होतं, फार बारीक माणसं घेतलीच नव्हती, आणि आहारतज्ज्ञ, समुपदेशक, तपासण्या दोन वर्षं सोबत होत्या. मोबाइलवर अॅप टाकून एकटीने सुरू करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला तो निकाल लावता येत नाही.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो बेत फिसकटल्यावर. चुलतभावाचं लग्न आहे. एक जण पंगतीत आग्रह झाला म्हणून दोन जिलब्या खातो, ‘आज झालं जरा जास्त’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या फुलक्यावर परततो. दुसरी चार दिवस आधीपासून मेनू विचारत असते. कार्यालयात ताट हातात घेऊन फिरते, वाढणाऱ्याला ‘झालं माझं’ सांगते. आणि कोणी जबरदस्तीने जिलबी भरवलीच, तर रात्री सगळे झोपल्यावर इमारतीचे जिने चढ-उतार करते, अॅपमधला आकडा शून्यावर येईपर्यंत. पाळी चुकणं, केस गळणं, उन्हाळ्यातही स्वेटर लागणं, बाकीच्यांना आग्रहाने खाऊ घालून स्वतः न जेवणं, हे सोबत असेल तर वाट बघत थांबू नये.

वाढत्या वयातली मुलं, गरोदर बायका, मुळात बारीक असलेले आणि पूर्वी असा विकार होऊन गेलेले, यांनी कॅलरी कापण्याच्या वाटेला जाऊच नये. घरात शंका आली तर ताटावर भांडण आणि ‘कसली बारीक झालीस गं!’ हे कौतुक, दोन्ही बंद करा. फॅमिली डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्या आणि सोबतच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.