किशोरी म्हणजे नेमकी कितव्या वर्षाची?

मुली खेळल्या की धीट होतात, हे आता वस्तीतही कोणाला पटवून द्यावे लागत नाही. सरकारी कागदांत मात्र खेळ बराच काळ आलाच नाही. १९९१-९२ मध्ये अंगणवाडीच्या जोडीने किशोरींसाठी योजना आली, २००० च्या सुमारास ती किशोरी शक्ती योजना झाली. दोन्हींचा भर पोषण, रक्तक्षय आणि हाताला काम यांवर होता. मुलगी म्हणजे उद्याची आई, एवढाच हिशेब.

२०१० मध्ये देशातल्या २०० जिल्ह्यांत किशोरींसाठी ‘सबला’ ही केंद्राची योजना आली. रोज ६०० कॅलरीचा पूरक आहार, लोहाच्या गोळ्या, जीवनकौशल्ये आणि १५ ते २५ मुलींचा एक गट, ज्याची प्रमुख ‘सखी’. गट होता, पण त्या गटाच्या हातात चेंडू देण्याची तरतूद ठळकपणे कुठे दिसत नाही.

त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत या धावपटूने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि नाशिकला मुलींच्या खेळाचा चेहरा मिळाला. पण तो डोंगरपाड्यावरचा. नाशिक शहरातल्या फुलेनगर किंवा अंबडच्या बोळात धावायचे कुठे? शिवाय संध्याकाळी पाच वाजता मैदान मोकळे असले, तरी मुलगी मोकळी नसते. नळाला पाणी येते, धाकट्याला सांभाळायचे असते, आई कामावरून परतलेली नसते. २००६ मध्ये दिल्लीत एका बँकेच्या पैशातून मुलींसाठी नेटबॉलचा (बास्केटबॉलसारखा खेळ) उपक्रम सुरू झाला होता. सात जणींचा संघ, अंगाला अंग न लावता खेळायचे, जागा थोडी लागते आणि मुलांनी आधीच आपला म्हणून बळकावलेला हा खेळ नाही. माझ्या मते शेवटचे कारण सर्वांत मोठे. आपल्याकडे मात्र घराघरात ठाऊक असलेले खो-खो आणि कबड्डी असताना नेटबॉल कशाला, हा प्रश्न रास्तच.

खरा गुंता ‘किशोरी’ या शब्दाचा आहे. ‘सबला’मध्ये ती ११ ते १८ वर्षांची. आरोग्य खात्याच्या किशोरवयीन कार्यक्रमात १० ते १९. खो-खोच्या पंचाला विचाराल तर किशोरी गट १४ वर्षांखालचा, कबड्डीत १६ खालचा. शालेय स्पर्धांत हा शब्दच नाही, तिथे १४, १७, १९ असे गट आणि त्यांत उतरायचे तर शाळेत नाव हवे. म्हणजे शाळा सुटली की स्पर्धाही सुटली. वस्तीतल्या मुलीची शाळा सुटते ती बहुधा आठवी-नववीनंतर, नेमक्या त्याच वयात.

हा काही शब्दच्छल नाही, कारण वयाच्या रेघेवर पैसा फिरतो. २०१७ मध्ये केंद्राने ‘सबला’ची व्याप्ती देशभर वाढवायचे ठरवले, पण लाभार्थी ठेवले फक्त ११ ते १४ वयाच्या, शाळाबाह्य मुली. १४ ते १८ वाल्या बाहेर पडल्या. पुढे युक्तिवाद उलटला: १४ पर्यंतच्या मुली शिक्षणहक्क कायद्याखाली येतातच, तेव्हा योजना १४ ते १८ साठी हवी. २०२२ पासून तसे झाले, पण (ईशान्येकडची राज्ये सोडल्यास) केवळ आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांत. महाराष्ट्रात असे चारच, नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव. नाशिक त्यांत नाही. शहर श्रीमंत, कारखाने भरपूर, हे खरेच. पण सातपूरच्या झोपडपट्टीतली, शाळा सुटलेली सोळा वर्षांची मुलगी जिल्ह्याच्या सरासरीत राहत नाही.

तिला ना शिक्षणहक्क कायदा लागू, ना शालेय स्पर्धा, ना ही योजना. उरते ते गल्लीतले कबड्डी मंडळ, आणि तिथे ती एव्हाना किशोरी नसते, त्यावरच्या कुमारी गटात गेलेली असते.