ओझी स्मिथ (शॉर्टस्टॉप)

ओझी स्मिथ, जन्म २६ डिसेंबर १९५४, मोबील, अलाबामा. अमेरिकन मेजर लीग बेसबॉलमध्ये १९७८ ते १९९६ अशी १९ वर्षं शॉर्टस्टॉप म्हणून खेळला, पहिली चार वर्षं सॅन डिएगो पॅड्रेसकडून आणि पुढची सगळी सेंट लुईस कार्डिनल्सकडून. लोक त्याला 'विझार्ड' म्हणजे जादूगार म्हणायचे आणि फील्डिंगच्या बाबतीत ते अजिबात वाढवून सांगितलेलं नाहीये.

आधी शॉर्टस्टॉप म्हणजे काय ते बघू. बेस म्हणजे मैदानावरचे ठरलेले टप्पे, रन काढायला बॅटरला ते ओळीने गाठावे लागतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे जो फील्डर उभा असतो तो शॉर्टस्टॉप, त्याच्याकडे ठरलेला असा कुठलाच बेस नसतो. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे, त्यामुळे त्यांचे जमिनीलगतचे जोरदार फटके नेमके याच भागात येतात. बॅटरला पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट पळायला साधारण चार-साडेचार सेकंद लागतात, तेवढ्यात बॉलपर्यंत पोचायचं, तो उचलायचा, आणि मैदानाच्या पार पलीकडे पहिल्या बेसवर अचूक फेकायचा. क्रिकेटमध्ये पॉइंटवरून डाइव्ह मारून उठता उठता स्टंप उडवणारा फील्डर आठवा, तसं काम रोज, आणि वर्षाला १६२ मॅचेस.

ओझी लहानाचा मोठा झाला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. १९६५ मध्ये तिथे मोठी दंगल झाली तेव्हा गोळ्या लागू नयेत म्हणून घरचे सगळे जमिनीवर झोपायचे. पोरगा एकटाच खेळत बसायचा, घराच्या कौलांवरून बॉल पलीकडे फेकायचा आणि पळत वळसा घालून तो खाली पडायच्या आत पकडायला बघायचा, अर्थात ते जमायचं नाही पण प्रयत्न चालूच. लॉक हायस्कूलमध्ये त्याच्याच टीमला एडी मरे होता, जो पुढे स्वतः हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. १९७६ ला डेट्रॉइट टायगर्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, निवडलं पण पैशांवरून जमलं नाही म्हणून तो कॉलेजला परत गेला आणि १९७७ ला पॅड्रेसकडे आला.

पहिल्याच सीझनला, २० एप्रिल १९७८ ला, त्याने जे केलं ते आजही लोक व्हिडिओ काढून बघतात. अटलांटाच्या जेफ बरोजने फटका मारला, ओझीने डावीकडे डाइव्ह मारली, तो हवेत असतानाच बॉल दगडाला लागावा तसा भलतीकडे उसळला, याने ग्लव्ह नसलेला उजवा हात मागे नेऊन उघड्या हाताने बॉल पकडला आणि उठून बरोजला आऊट केलं. १९८० मध्ये त्याने एका सीझनमध्ये ६२१ असिस्ट केले, असिस्ट म्हणजे ज्या थ्रोमुळे आऊट मिळतो तो, आणि हा शॉर्टस्टॉपचा विक्रम आहे. त्याच वर्षापासून १९९२ पर्यंत ओळीने १३ गोल्ड ग्लव्ह, म्हणजे सर्वोत्तम फील्डिंगचे पुरस्कार.

बॅटिंग मात्र सुरुवातीला कच्ची होती, १९७९ ला सरासरी फक्त .२११, म्हणजे साधारण हजार प्रयत्नांत २११ हिट (बेस गाठून देणारे फटके). पैशांवरूनही पॅड्रेसशी खटके उडाले आणि १९८२ च्या सीझनआधी त्याला सेंट लुईसला पाठवलं, बदल्यात पॅड्रेसला मिळाला गॅरी टेम्पलटन, तोही शॉर्टस्टॉपच. कार्डिनल्सचा मॅनेजर व्हायटी हर्झॉगने ओझीशी एक पैज लावली, जमिनीलगत मारलास तर मी एक डॉलर देणार, हवेत उंच मारलास तर तू मला द्यायचास. हा विचार फार शहाणपणाचा होता कारण ओझीकडे ताकद नव्हती पण पाय होते, आणि सेंट लुईसच्या कृत्रिम गवतावर बॉल सुसाट पळायचा. त्याच वर्षी टीमने मिलवॉकीला सात मॅचेसमध्ये हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकली.

१९८५ च्या जुलैमध्ये उजवा खांदा दुखावला, मग त्या दुखण्याला सांभाळत फेकताना रोटेटर कफच (खांद्याचे स्नायू) फाटला. त्याने ऑपरेशन टाळलं, व्यायामाने हात मजबूत केला आणि दुखणं सहन करत खेळत राहिला. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये प्लेऑफच्या पाचव्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये डॉजर्सचा पिचर (बॉल टाकणारा) टॉम निडेनफ्युअरला डाव्या हाताने होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारून मॅच जिंकून दिली, ओझी दोन्ही हातांनी बॅटिंग करायचा, त्याआधी डाव्या हाताने तीन हजारांहून जास्त वेळा बॅटिंग करूनही मेजर लीगमध्ये एकदाही होमरन बसला नव्हता!

१९८७ ला सरासरी .३०३, त्याच्या फटक्यांवर टीमचे ७५ रन झाले, होमरन शून्य, तरी एमव्हीपीच्या, म्हणजे सीझनच्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात दुसरा आला. माझ्या मते त्याच्या करिअरचं खरं मोठेपण इथेच दिसतं, फील्डरने अडवलेला रन हा बॅटरने केलेल्या रनाइतकाच मोलाचा असतो हे मत देणाऱ्यांना मान्य करावं लागलं. करिअरचे २,४६० हिट आणि ५८० बेस चोऱ्या (फटक्याशिवाय पळून पुढचा बेस गाठणं) धरल्या तर बॅटिंगमध्येही तो काही लंगडा नव्हता, होमरन तेवढे २८ च.

१९९६ ला तो रिटायर झाला, कार्डिनल्सने त्याची १ नंबरची जर्सीही कायमची बाजूला ठेवली. २००२ मध्ये पहिल्याच मतदानात ९१.७ टक्के मतं घेऊन हॉल ऑफ फेममध्ये गेला. शॉर्टस्टॉप म्हणून त्याचे डबल प्लेचे (एकाच फटक्यावर दोन आऊट) आकडे नंतर ओमार विझकेलने मागे टाकले, पण ८,३७५ असिस्टचा विक्रम अजून ओझीच्याच नावावर आहे.